रूळ गेले तरी

सॉरेल क्रीक, वेस्ट व्हर्जिनिया
९ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र पोचलं. मी मजेत. आईचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, गुडघा सोडला तर तीही ठीक आहे. टेसीला गोड पापा. तिच्या पुढच्या दातांतली फट अजून आहे का? असली तर बुजवू नकोस. पाण्याची चूळ लांब उडवायला तशी फट लागते, मला विचार.

तू बजावलंस, 'फोन नको, फोनवर तू भरकटतोस, लिहून पाठव.' आता लिहितानाही भरकटणारच, पण निदान तुझं बिल तरी वाढणार नाही.

तर शाळा. ऑगस्टमध्ये तू इथल्या वृद्धाश्रमात कामाला लागणार, टेसी सहावीत जाणार, आणि आपल्या काउंटीत सहावी ते आठवीच्या शाळा दोनच. हमरस्त्यावरची नवी चेस्टनट रिज आणि आपली जुनी सॉरेल क्रीक. मी दोन्ही आतून बघितल्या. पाहुणा म्हणून नाही, बदली झाडूवाला म्हणून. हिवाळ्यात डाकोटाहून परत आलो तेव्हा खिशात काही नव्हतं, आणि इथे काम हेच मिळालं. डाकोटात काय झालं ते एकदा सविस्तर सांगायचंय, त्यात एक आंधळं खेचर आहे. असो.

तू पाठवलेल्या सरकारी कागदावर नवीला चार तारे आहेत आणि जुनीला दोन. तारे खोटे नाहीत. नव्या शाळेची फरशी इतकी लख्ख की पुसताना माझंच तोंड बघून मी दचकलो. प्रत्येकाला कॉम्प्युटर, उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. पण जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी आपल्या कपाटात तोंड खुपसून रडत होती आणि अख्खी शाळा तिला वळसा घालून गेली. कोणी दुष्ट नव्हतं गं. कोणाला तिचं नाव माहीत नव्हतं, एवढंच.

आपल्या शाळेत छप्पर गळतं. विज्ञानाच्या वर्गात एक बादली कायमची ठेवलीय, पोरं तिला 'गव्हर्नर' म्हणतात. 'मॅडम, गव्हर्नर भरले, बाहेर काढू?' मिसेस क्राउस गणितही शिकवतात आणि ट्रम्पेटही, आणि दोन्हीकडे सारख्याच ओरडतात. परवा आठवीच्या पोरांनी डोंगरातला रानलसूण कच्चाच खाल्ला, म्हणजे वासाने वर्गाबाहेर काढतील आणि मासे धरायला जाता येईल. क्राउसबाई म्हणाल्या, 'जॅरेल, घरी कोणी जाणार नाही. मीही सकाळी तोच खाल्लाय.' आणि दार लावून घेतलं. मी बाहेर पोछा धरून हसत बसलो. आतून खोकल्याचे आवाज येत होते.

रडणारं पोर इथेही दिसलं. पण त्याच्या मागे तिघे उभे होते. दोघे चिडवत होते, एक समजावत होता. मला तेही बरं वाटलं.

बसचं पुढच्या पत्रात.

तुझा
कॉर्ली


२३ एप्रिल

प्रिय व्हर्ना,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. 'बसचं का लिहिलं नाहीस?'

कारण तुला माहीत आहे. हो, सॉरेल क्रीकची बस अजून आईच चालवते.

मला वाटलं होतं, आधी तुला शाळा आवडू दे, मग सांगू. पण तू आपली बहीणच आहेस, बरोबर तिथेच बोट ठेवलंस.

दुपारच्या फेरीला मीही त्या बसमध्ये असतो. धाकट्यांच्या शाळेची पोरंही याच बसने जातात, त्यातल्या पहिलीतल्या एका मुलीला फेफरं येतं, तिच्याशेजारी कोणीतरी मोठं बसावं लागतं. आम्ही दोघं तिसऱ्या बाकावर. आईच्या मागचा पहिला बाक रिकामा असतो. बस खचाखच भरली तरी रिकामाच. मी पहिल्या दिवशी तिथे टेकणार, तेवढ्यात ही एवढीशी पोर म्हणाली, 'तिथे नाही बसायचं.' मी विचारलं, 'का गं?' तर म्हणाली, 'तिथे बसणारं कोणीतरी वाटेत चढतं.'

व्हर्ना, रूळ आता नाहीत. खाण बंद पडली तेव्हा कंपनीने उखडून नेले. ते रस्ता ओलांडायचे तिथे डांबराचा काळा पट्टा तेवढा उरलाय, पाटीसुद्धा काढली. तरी आई तिथे थांबते. रुळांपाशी शाळेची बस थांबवून, दार उघडून आगगाडी येतेय का ऐकायचं, असा नियम होता ना, तश्शी. बस उभी करते, शेजारची खिडकी सरकवते, दार उघडते आणि कान देते. आणि गं, ती पोरं! जॅरेल शेजारच्याच्या बुटांवरून काहीतरी घाण बोलत असतो, तो अर्ध्या शब्दात थांबतो. सगळी पोरं पाय जमिनीवरून वर उचलून धरतात. रुळांवरून जाताना पाय उचलायचे, हे आपणही करायचो ना? पण यांनी रूळ बघितलेलेसुद्धा नाहीत. आपला डेल गेला तेव्हा यातलं एकही जन्मलं नव्हतं.

सगळं चिडीचूप. ओढ्याचं पाणी ऐकू येतं. आई खाली पायरीकडे बघत असते. एक नऊ वर्षांचं पोर टोपी उचलून परत येऊन दोन पायऱ्या चढायला जेवढा वेळ घेईल, तेवढं थांबते. मग दार लावते.

आणि दार लागायच्या आधी बस दाराच्या बाजूला जराशी कलते. कोणी चढल्यावर कलते ना, तशी. मी भूतबित मानत नाही. डाकोटात मी आठवडाभर कबरस्तानात झोपलोय, कोणी हाकसुद्धा मारली नाही. जुनी बस आहे, स्प्रिंगा गेल्या असतील. पण ती रोज तिथेच कलते, आणि मी रोज पाय वर धरून बसलेला असतो.

हेडमास्तर स्टिल्टनर तिला म्हणाले होते, 'ऑर्फा, रूळ गेले. आता कशाला थांबता?' ती म्हणाली, 'रूळ कंपनीचे होते, गेले. माझं थांबायचं ठिकाण गेलेलं नाही.'

काल जेवताना आईने विचारलं, 'शाळांचं कळवलंस तिला?'

'कळवतोय.'

'नवी चांगली आहे म्हणून लिही.'

'जुनी बरी आहे, आई.'

'तिकडची बस हमरस्त्याने जाते. तेवढं लिही.' मग माझ्या ताटात घेवडा वाढला, मक्याच्या पावाचा मोठा तुकडा ठेवला. स्वतः उभीच. 'आणि पोरीला इकडे घालायची असेल तर लिही, मी गाडी चालवणं सोडते. व्हर्नाला भीती नको. दुसरा कोणी चालवेल.'

'दुसरा तिथे थांबणार नाही.'

'नाही.'

'मग?'

आई म्हणाली, 'घेवडा गार होतोय.' आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती ती.

मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो. मला डेलचा चेहरा आठवत नाही, फक्त ती बाबांची खाणीतली टोपी आठवते, त्याच्या कानांपर्यंत यायची. तू मात्र बसमध्ये होतीस. तू बघितलंस. दार उघडलं, वाऱ्याने टोपी गेली, तो मागोमाग उडी मारून गेला, आणि रुळांवरून, इंजिनाने मागून ढकललेले कोळशाचे डबे आवाज न करता आले. पुरायच्या दिवशी तू आईला सगळ्यांसमोर विचारलंस, 'दार उघडलंसच का?' ती 'नियम आहे' एवढंसुद्धा म्हणाली नाही. मग शाळा संपताच तू गेलीस ती गेलीसच.

मला वाटतं, तेव्हा तिला उत्तर सुचलं नाही. आता रोज दुपारी देते. दार उघडते, आणि तो आत आल्याशिवाय लावत नाही.

तू शाळांची तुलना मागितली होतीस. माझं मत सॉरेल क्रीक. छप्पर गळतं, तारे दोनच आहेत, ट्रम्पेट ऐकवत नाही. पण तिथे टेसी एक दिवस आली नाही तर सगळ्यांना कळेल. आणि आईला गाडी सोडायला लावू नकोस. तिला तू स्वतः सांग, मी सांगितलेलं ती ऐकणार नाही.

पहिल्या दिवशी दुपारच्या फेरीला टेसीबरोबर तूही बसमध्ये ये. मी स्टिल्टनरना विचारून ठेवलंय. मागे बस, हवं तर खिडकीकडे तोंड करून. बोलावंसं नाही वाटलं तर आईशी बोलू नकोस. फक्त पहिला बाक मोकळा सोड, आणि ती दार उघडून थांबली की तिला घाई करू नकोस.

वाट बघतोय. आम्ही सगळेच.

तुझा उरलेला भाऊ,
कॉर्ली