ताईची वार

९ मार्च
ताई बाळंत झाली. सातव्या महिन्यात! मुलगा.
दवाखान्यात गेले ती बर्फाचा डबा घेऊनच. ताई कळा देत होती. तिच्या कानाशी वाकून विचारलं, "वार नेऊ का गं प्रयोगशाळेत? इतक्या लवकरची सहसा मिळत नाही." तिने मान हलवली. कळांमध्ये माणूस कशालाही हो म्हणतं.
बाळाला काचेच्या पेटीकडे नेलं तेव्हा मी वारेचे तुकडे बर्फात ठेवत होते. नर्स म्हणाली, "मावशी ना तुम्ही? बाळ बघितलंत?"
नव्हतं बघितलं.

१० मार्च
बघितलं. टोपी डोळ्यांवर घसरलेली. नाकात नळी. जिवणी थेट ताईची.

१२ मार्च
भावोजींनी साधं विचारलं, "वारेत असतं तरी काय?" झालं! माझी गाडी सुटली. वार नुसतं पोषण पोचवत नाही, हार्मोन्सही बनवते. त्यातलं एक बाळाच्या वाढत्या मेंदूला शांत ठेवतं, जपतं. बाळ लवकर आलं की तो पुरवठा एकदम तुटतो. वर आमच्या प्रयोगातल्या उंदरांचंही ऐकवलं — ते हार्मोन न मिळालेली पिल्लं दांडीवरून चालताना अडखळतात, इतरांपासून लांब बसतात.
भावोजींचा चेहरा पांढराफटक. वळून बघते तर मागे चाकांच्या खुर्चीत ताई!
"म्हणजे मी त्याला अर्ध्यावर सोडलं," ती म्हणाली.
जीभ हासडून टाकावीशी वाटली.

१३ मार्च
ताई बोलत नाही. आई फोनवर — "एवढी शिकलीस, पण कुठे काय बोलावं..." आणि फोन ठेवून दिला. बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ मार्च
प्रयोगशाळेतले सर खूश. "नमुना उत्तम आलाय. शाब्बास!" क्षणभर आनंद झाला. खरंच झाला! मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१९ मार्च
ताईने बोलावलं. वाटलं, राग गेला. तिने माझा हात घट्ट धरला. "त्याला कमी पडलेलं ते हार्मोन असेल ना तुमच्याकडे? आणून दे. कुणाला सांगणार नाही मी."
नाही देता येत. अशा बाळांना दिलं तर फायदा होईल की अपाय, अजून कुणालाच ठाऊक नाही. कसंबसं सांगितलं. "आणि उंदरांचं झालं तेच बाळाचं होईल असंही नाही, ताई. मला माहीत नाही."
"मग त्या दिवशी एवढ्या ठसक्यात कशी बोलत होतीस?"
काय सांगू? शेखी मिरवत होते, दुसरं काय!
तेवढ्यात बाळाच्या डॉक्टरबाई आल्या. ताईला म्हणाल्या, "छातीशी धरा, बोला त्याच्याशी. खूप फरक पडतो." एवढं साधं मला सुचू नये!

२ एप्रिल
बाळ स्वतः दूध ओढतंय. भावोजींकडून कळलं.

५ मे
बाळ घरी येऊन आठवडा झाला. मला बोलावणं नाही. आपणहून जावं, तर कुठल्या तोंडाने?

६ मे
सकाळीच ताईचा फोन! मागे बाळाचा टाहो. "ऐकतेस ना? डोळ्याला डोळा नाही कुणाच्या. मेंदूतलं सगळं कळतं ना तुला? मग ये आणि झोपव याला!"
निघाले.