आईचा ऑक्सिजन मोज

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, वहिनीलाही सांग.

आईचा खोकला कसा आहे? फोनवर ती “मला काही झालं नाही” म्हणाली, तेव्हापासून जिवाला चैन नाही. काल आमच्या कोरोना वॉर्डात एक शिंपीकाका आले. हसतखेळत बोलत होते, दमही लागत नव्हता. बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ब्याऐंशी. ऑक्सिजन लावून पालथं झोपवलं, तेव्हा तासाभरात ब्याण्णव झाला. “मला कळलंच नाही गं,” म्हणाले.

अँब्युलन्सवाले मामा तिकडे येतायत, त्यांच्याकडे तसंच मशीन देतेय. आईला बसवून आकडा बघ, मग तिला सहा मिनिटं चालवून परत बघ. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच दवाखान्यात ने. ती नाहीच म्हणेल. रागावली तर माझ्यावर ढकल.

आकड्याची वाट बघणारी,
तुझी धाकटी