आत्याच्या बांधावरची डबी

२ नोव्हेंबर, रविवार

सुगतला माझी काळजी वाटते. पुण्यात बसून वाटते, म्हणजे त्यात फारसे कष्ट नाहीत. आज फोनवर अर्धा तास – "ताई, कॉलेजची लायब्ररी आणि खोली, खोली आणि लायब्ररी! पुस्तकांना कसर लागते तशी तुलाही लागेल. बाहेर पड!" धाकटा भाऊ आहे, पण नोकरी लागल्यापासून थोरला झालाय.

त्याचा उपाय – जिओकॅशिंग. कुणीतरी कुठंतरी डबी लपवतं. त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण मोबाईल घेऊन जायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, डबी होती तिथंच ठेवायची आणि घरी यायचं.

"आणि मिळतं काय?"

"आनंद."

धाराशिवात एवढ्या वर्षांत कुणी डबी लपवून आनंद वाटल्याचं ऐकिवात नाही. ॲप घेतलं. न घेऊन सांगते कुणाला!

९ नोव्हेंबर, रविवार

आसपास एकच ठिपका दिसला. नळदुर्गच्या अलीकडं, माळावर. एसटीनं गेले, पुढं चालत. ॲप म्हणालं, तुम्ही पोहोचलात. कुठं पोहोचले? बाभळीत!

दगड उचलत सुटले. एकाखाली विंचू, बाकीच्यांखाली गुटख्याच्या पुड्या. एक शेळ्यावाले आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ आले.

"काय हरवलं, बाई?"

"डबी."

"कसली?"

"माहीत नाही."

"कुणाची?"

"तेही माहीत नाही."

त्यांनी शेळ्या जरा लांब नेल्या.

सापडली शेवटी! औषधाची जुनी बाटली, आत ओलसर कागद. माझ्या आधी कुणाचं नाव होतं ते शाईनं गिळलेलं. मी माझं लिहिलं – चैताली. आणि हे फक्त इथंच लिहिते – त्या माळावर मी एकटीच मोठ्यानं ओरडले, "सापडली!" शेळ्या आणखी लांब गेल्या.

सुगतला हे कळता कामा नये.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता स्वतःची डबी लपवायची हौस. नियम असा, की जमीनमालकाची परवानगी हवी. माझ्या ओळखीत जमीनमालक एकच – बनाआत्या. परंड्याकडं, सोनारीच्या अलीकडं गाव. दोन एकर आणि एक विहीर. तिच्या नवऱ्यानं, कोंडिबामामांनी, जन्मभर गवंडीकाम करून घेतलेलं रान. मामा गेले, मूलबाळ नाही. आत्याला विचारलं तर म्हणते, मला दोन लेकरं, एकाचं नाव रान आन् एकाचं विहीर.

सरळ रानात गेले. मोबाईल समोर धरून बांधावरून फिरतेय, आकडे पुटपुटतेय – तेवढ्यात गावातला भोंगा कडाडला. "मोजणीवाले आलेत! बायांनी बांधावर या!"

मी मागं वळून बघितलं, कुठं आलेत. मीच आले होते.

भानगड अशी. नवा मोठा रस्ता यांच्या रानातून न्यायचाय. मोजणी झाली, की रान गेलं – असं गाव समजतं, आणि चुकीचं समजत नाही. मोजणीनंतर हद्दीच्या खुंट्या ठोकतात, त्या मात्र गावानं अजून बघितलेल्या नाहीत. म्हणून मोजणीच होऊ द्यायची नाही असं ठरलंय. कुणी मशीन घेऊन आलं की भोंगा होतो. बाया खुरपी टाकून येतात आणि बांधावर फतकल मारून बसतात. उठवून दाखवा म्हणतात! दोनदा मोजणीवाले तसेच परत गेलेत. आत्याचं रान रस्त्याच्या तोंडाशी, म्हणजे आधी तिचंच जाणार.

निम्म्या गावच्या बाया माझ्याभोवती बसल्या. रणधीर म्हणून त्यांचा तरणा पुढारी आहे. त्यानं मोबाईल काढून घेतला. "ह्ये काय? नकाशा. आकडे. मोजणीच की ही!"

"खेळ आहे हो. डबी लपवायचा."

"एवढी शिकलेली बाई रविवारी एसटीनं येऊन रानात डबी लपवती?"

असं कुणी बोलून दाखवलं, की माझाही माझ्यावरचा विश्वास उडतो. तेवढ्यात आत्या धापा टाकत आली. "अगं बायांनो, भाची हाय ती माझी! मोजणीवाली कसली, तिला भाकरीचं पीठ मोजता येत न्हाय!"

सुटका झाली. अब्रू तिथंच राहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आत्यानं मिश्रीची जुनी डबी घासूनपुसून ठेवली होती. आत कागद, पेन्सिल आणि चार चिंचोके. विहिरीजवळच्या बांधात, दगडाआड बसवली.

खेळ समजावला. आत्या म्हणाली, "लपवायची, आन् पत्ताबी सांगायचा? मग लपवायची कशाला?" मोठमोठ्या देशांतली माणसं हा खेळ खेळतात म्हणे. हे त्यांच्या लक्षात आलेलं नसावं.

२६ नोव्हेंबर

ॲपवर डबी मंजूर. कुणी येणार नाही. पैज लावते.

३० नोव्हेंबर, रविवार

पैज हरले. गुरुवारी सोलापूरचे दोघं मोटरसायकलवाले आले. भोंगा! काल बार्शीचं एक कॉलेजातलं जोडपं – पुन्हा भोंगा! बाया खुरपण सोडून धावल्या, बसल्या, उठल्या आणि मला नाही नाही ते बोलल्या. आज मी गेल्यावर ते सगळं आत्यानं जसंच्या तसं ऐकवलं, वर दोन शिव्या पदरच्या.

रणधीरनं मग तोडगा काढला. "बनाकाकू, फोन घिऊन कुणी आलं तर आधी तुमाला इचारायचं. तुमी म्हणलं आपलं माणूस, तर भोंगा न्हाय." झालं! आत्या आता अधिकारी. येणाऱ्याला आधी चहा, मग चौकशी – गाव कुठलं, लग्न झालं का, मग डबी. "मी काय सांगायची न्हाय" म्हणते आणि त्या दगडाकडं टक लावून बघत बसते. सगळ्यांना डबी मिनिटात सापडते. ॲपवर एकानं लिहिलंय, फारच सोपी, चहा उत्तम.

३ डिसेंबर

आत्यानं स्वतःच्या अकलेनं दुसरी डबी सोनारीत देवळाजवळच्या झाडाच्या ढोलीत ठेवली. तिथल्या माकडांना ती लगेच सापडली. परत ठेवायचा नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता.

७ डिसेंबर, रविवार

आज आत्याकडं दिवसभर. तिसऱ्या डबीची जागा बघत बांधाबांधानं हिंडलो. ज्वारी गुडघ्याला लागलीय. आत्या पुढं, मी मागं. माकडानं डबी उघडून चिंचोके खाल्ले आणि तोंड वेंगाडलं, ते तिनं करून दाखवलं. हसून हसून खाली बसली. मामा गेल्यापासून ती एवढी हसलेली मला आठवत नाही. मीसुद्धा. येताना एसटीत उगाच डोळे भरून आले.

सुगतला फोन करून सांगितलं, बरा आहे तुझा खेळ. तो म्हणाला, "बघ!" आता हा वर्षभर ऐकवणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी लायब्ररीत आत्याचा फोन. आवाजात खुशी मावत नव्हती.

"चैते, तुझ्या खेळातली मान्सं आलती. चौघं! लई मोठी मशीन हुती गं, तीन पायांवर हुबी केलेली. भोंग्यावाला निघाला हुता, मीच थांबिवला. म्हणलं आपलीच हायत. मी इचारलं की त्यास्नी, डबीच्या खेळातली का? एकजण हसला, म्हणला व्हय आजी. मग चा केला. बांध कुठून कुठवर हाय ते समदं हिंडून दावलं. तरी त्यास्नी डबी काय घावली न्हाय, येडी कुठली! जाताना लाल तोंडाच्या खुंट्या ठोकून गेली. एक हिरीपाशी, एक ज्वारीत. म्हणली, ह्या उपटू नका, आजी. मी कशाला उपटती! पण चैते, त्या कशापायी असत्यात गं?"