नववी ब चा नकाशा

१५ जून १९९९, मंगळवार

शाळा सुरू होऊन दुसरा दिवस आणि घसा बसलाय. ओरडून नव्हे, राग गिळून. मुख्याध्यापकांकडे (यापुढे मु.अ.; एवढं लांब लिहायची माझी इच्छा नाही) भारताचा नकाशा मागितला. हे मागण्याचं चौथं वर्ष. म्हणाले, "आहे की कपाटात." आहे. त्यात कर्नाटकाच्या जागी अजून म्हैसूर राज्य आहे. वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला. टांगला की श्रीनगरच्या वर शाळेची भिंत दिसते.

आणि ९ब मध्ये पहिल्याच तासाला संगीता जाधव उठून विचारते, "बाई, कारगिल कुठं हाय?"

तिचे वडील हवालदार. मे महिन्यात सुट्टीवर आले होते, आठ दिवसांत तार आली, परत गेले. वर्गात अशी अकरा मुलं. कुणाचे वडील, कुणाचा चुलता. मी नकाशाच्या बाहेर, भिंतीवर बोट ठेवलं. म्हटलं, "इथे कुठेतरी."

सतरा वर्षं इतिहास-भूगोल शिकवतेय. इथे कुठेतरी!

२० जून, रविवार

सांगलीत कॉलेज कॉर्नरला इंटरनेटचं दुकान निघालंय, तिथे गेले. चालवणारे मगदूम, पूर्वी टायपिंग क्लास होता त्यांचा. भला माणूस. शेजारी खुर्ची घेऊन बसले, कुठे दाबायचं ते दाखवलं.

"मराठीत काही मिळेल का शाळेसाठी?"

"ताई, मराठी अजून पोचली नाही यात."

फोनची लाइन चार वेळा तुटली. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. सामाजिक शास्त्र, शाळा, भारत असं इंग्रजीत शोधलं. एका अमेरिकन बाईंनी त्यांच्या पाचवीच्या मुलांसाठी भारताचा अख्खा धडा केलाय. हत्ती रंगवा, महाराजाचा फेटा रंगवा, पुंगीवाला आणि साप. संताप झाला. मग आठवलं, आपल्या शिराळ्यात खरोखरच नाग धरतात. त्यामुळे नीट रागवताही येईना. त्याचाही राग.

एवढं मात्र खरं, की त्या बाईंनी मुलांसाठी धडा करून सगळ्या जगाला फुकट वाचायला ठेवलाय. आमच्याकडे साधी कपाटाची किल्ली मिळत नाही.

निघताना सापडला. काश्मीर आणि लडाखचा उंचीचा नकाशा. एकेक डोंगर, दऱ्या, नद्या, रस्ता. उघडायलाच पंचवीस मिनिटं, वरून खाली एकेक पट्टी उमटत. मगदूम आणि मी दोघेही श्वास धरून. चार कागदांवर छापून घेतला. काळा-पांढरा.

२२ जून, मंगळवार

चार कागद पुठ्ठ्यावर चिकटवले. जलरंगाने उंची रंगवतेय. हिरवा, पिवळा, तपकिरी, वर पांढरा. नावं मराठीत लिहिली: श्रीनगर, सोनमर्ग, द्रास, कारगिल, लेह.

एक ठिपक्यांची रेघ आहे मधून. तिच्या पलीकडे काश्मीरचा भाग, आणि त्यावरून पाकिस्तान हे इंग्रजी नाव लांबवर पसरलेलं. आपल्या नकाशात असं नसतं. बघितलं. वर्गात तोंडी सांगू म्हटलं, आणि पुढे रंगवत राहिले.

२४ जून, गुरुवार

असा तास सतरा वर्षांत झाला नव्हता.

महाबळेश्वर किती उंच? साडेचार हजार फूट. कारगिल गावच त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि लढाई त्याच्याही वर, सोळा-सतरा हजारांवर. मागच्या बाकावरचा पवार म्हणाला, "म्हंजी चार म्हाबळेश्वर एकावर एक?" मग एकदम सगळेच बोलायला लागले. तिथं झाडं असतात का, पाणी कुठून आणतात, वरून खाली दिसतं का. मी रस्ता दाखवला, वरच्या शिखरावरून तो कसा दिसतो ते दाखवलं. रेघेचंही सांगितलं: ही प्रत्यक्ष ताब्याची रेघ, पलीकडचाही भाग आपला असं आपलं सरकार मानतं. दोन वाक्यं. घंटा झाली.

संगीताने ट्रेसिंग पेपर लावून आख्खा उतरवून घेतला. बाकीच्यांनी वहीत काढला.

२६ जून, शनिवार

सकाळची शाळा. सुटताना फाटकाशी संगीताची आई. शेतातून तशीच आलेली.

"आवं बाई, त्येंचं कारड येतं. 'मी खुशाल हाय' एवढंच. पत्त्यात छप्पन ए.पी.ओ. त्यो गाव कुठं हाय म्हून पोस्टमनला इचारलं तर हसला वो. गाव न्हवंच म्हनं त्ये, फौजेच्या टपालाचा नुस्ता नंबर. पोरीनं काल कागद दावला. हितं हायत तुझं मालक, म्हनली." मग जरा थांबून, "लय वर हाय."

एस.टी. चुकली.

३० जून, बुधवार

संस्थेचे सचिव आले होते. शाळेची कौलं गळतात ते बघायला नव्हे, सत्काराला. ९ब समोरून जाताना आत डोकावले. नकाशासमोर उभे राहिले. मला वाटलं आवडला.

"हा कुणी लावला?"

"मी."

"पाकिस्तानचा नकाशा आमच्या शाळेत?"

मी उंचीचं सांगायला लागले. ऐकूनच घेईनात. मु.अ. त्यांच्या मागे, पट्टीने आखल्यासारखे ताठ. परवा हेच नकाशासमोर पाच मिनिटं रेंगाळले होते. आज तोंड उघडेना.

१ जुलै, गुरुवार

जाळला.

मधल्या सुट्टीत. सचिव, त्यांची दहा-बारा माणसं, एक फोटोवाला. आधी घोषणा, मग रॉकेल. पुठ्ठा लवकर पेटत नव्हता, फोटोवाला म्हणाला "जरा तिरका धरा साहेब". मुलं व्हरांड्यात उभी. त्यांच्यात ती अकरा.

ह्या घोषणावाल्यांतला एक तरी गेला असता का वर? एकाला तरी माहीत आहे का द्रास कुठे आहे? नाव मराठीत लिहिलं होतं मी, ठळक. तेही जळताना कुणी वाचलं नाही.

लिहिणं बंद.

२ जुलै, शुक्रवार

पेपरात फोटो. 'शाळेतील देशविरोधी नकाशाची होळी.' निवडणुका येतायत, आता कळलं. माझं नाव नाही, 'एक शिक्षिका'. गावात शिक्षिका आम्ही दोघीच, आणि दुसरी शिवण शिकवते.

मेमो मिळाला. पाच दिवसांत लेखी माफी, नाहीतर चौकशी. मु.अ. खालच्या आवाजात म्हणाले, "साळुंखे बाई, चुकीची सीमा दाखवणं गुन्हा आहे. पोलिसात गेलं तर मी काही करू शकणार नाही." जसं एरवी काही करतात.

आणि वर हे: मुलांच्या वह्यांमधले नकाशे काढून जमा करा. तुम्हीच करा.

केले. हे लिहिताना लाज वाटतेय. एकेकाची वही घेतली आणि पान फाडलं. माझ्या हाताने. पवार म्हणाला, "बाई, मागं इज्ञानाचं हाय," म्हणून त्याचं विज्ञानही फाटलं. संगीता उभी राहिली.

"माझा घरी हाय. आनणार न्हाई."

मी यादीत तिच्या नावापुढे 'नाही' लिहिलं. एवढंच केलं मी दिवसभरात बरं.

४ जुलै, रविवार

हे साताऱ्याहून आले. यांच्या बँकेतही बातमी पोचलीय. जेवताना म्हणाले, "दोन ओळींचा प्रश्न आहे. चूक झाली, क्षमस्व. सही कर आणि मोकळी हो."

"कुठली चूक?"

"कुठलीही. त्यांना चूक हवीय, तुझी कुठलीही चालेल."

एवढं खरं बोलणाऱ्या माणसावर ओरडले. हे तिसऱ्या पोळीला नको म्हणाले आणि उठले. वाईट वाटलं. तरीही बरोबर मीच.

बरोबर मीच का? रेघ मी बघितली होती.

५ जुलै, सोमवार

मधल्या सुट्टीत आप्पा आले. निवृत्त सुभेदार, गावात यांचा शब्द मोडत नाहीत. नकाशा जाळणाऱ्या घोळक्यात नव्हते. बर्फात पायाची तीन बोटं गेलीत, सावकाश चालतात. मी खुर्ची दिली, बसले नाहीत.

"बाई, ती रेघ तुमी बघितली व्हती का न्हाई? खरं सांगा."

"बघितली होती."

"मंग?"

"मुलांना डोंगर दाखवायचे होते, आप्पा. रेघेचं मी तोंडी सांगितलं."

"तोंडी." काठीवर भार देऊन सरळ झाले. "तोंडी सांगितल्यालं पोरं इसरत्यात. भितीवरलं न्हाई इसरत. माजी मानसं त्या रेघंवर कायमची ऱ्हायली. दुसरं कुनी चुकलं तर सोडून दिलं असतं. तुमी मास्तर हाय."

गेले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा समोरच्याचा राग आला नाही. स्वतःचाच आला.

७ जुलै, बुधवार

खुलासा दिला. पाच कागद फाडले, सहावा राहिला. उतरवून ठेवते:

"नकाशा मी लावला. त्यावरची सीमा भारत सरकारच्या नकाशाप्रमाणे नव्हती. ते त्याच्यावरच ठळक लिहायला हवं होतं, मी लिहिलं नाही. ही माझी चूक आहे. मुलांना त्यांचे वडील कुठे आहेत ते दाखवलं, ही चूक नाही. तशी ती आहे असं मी लिहून देणार नाही."

मु.अ. नी वाचला. "शेवटची दोन वाक्यं काढा, मी बाकीचं सांभाळतो."

काढली नाहीत.

८ जुलै, गुरुवार

सुटताना सायकल स्टँडपाशी मु.अ. नी गाठलं. इकडेतिकडे बघून म्हणाले, "खरं सांगू बाई? मलाही नकाशा आवडला होता. माझा पुतण्या तिकडेच आहे."

म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

सचिव परवडले. त्यांना निदान नकाशा कळलाच नव्हता. यांना कळला होता. पुतण्या आहे! आणि पान फाडायला मला लावलं! सांगलीपर्यंत एस.टी.त दात आवळून बसले, शेजारची बाई विचारते, दाढ दुखतीय का.

१२ जुलै, सोमवार

पत्र आलं. शुक्रवारी अकरा वाजता तालुक्याच्या गावी संस्थेच्या ऑफिसात चौकशी. खाली साक्षीदारांची नावं: मु.अ., आणि आप्पा. सचिवांनीच बोलावलंय आप्पांना. फौजी माणूस माझ्या विरुद्ध बोलला की झालंच.

संगीता शनिवारपासून नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. कार्ड येऊन तीन आठवडे होऊन गेलेत. टी.व्ही.वर म्हणतात लढाई संपत आली, आई म्हणाली, "संपली तर कारड का न्हाई?" संगीता चुलीपाशी भाकरी थापत होती. ट्रेसिंग पेपर देवाच्या फळीवर, हळदीच्या करंड्याखाली दाबून ठेवलेला, उडू नये म्हणून.

"बाई, तुमास्नी काढत्यात व्हय?" संगीताने विचारलं.

"माहीत नाही."

"मंग भूगोल कोन घेनार?"

भूगोलाचंच विचारलं. बरं वाटलं. म्हटलं, उद्यापासून शाळेत ये. ती म्हणाली, कार्ड आलं की येते.

१६ जुलै, शुक्रवार

संस्थेचं ऑफिस. बाहेर बाकावर बसून लिहितेय, वही पर्समध्ये होती म्हणून. साडेबारा वाजले. अकराची वेळ.

सकाळी एस.टी.त आप्पा चढले. धुतलेलं धोतर, कोटावर पदकं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बसले. तासभर एकाच बाकावर आम्ही दोघे, मी आरोपी आणि ते साक्षीदार. एकदाच बोलले.

"आज नववीचा तास कोन घेतंय?"

"कुणी नाही. वाचत बसा म्हटलंय."

"हं."

मी विचारणार होते, आत काय सांगणार आहात. नाही विचारलं. विचारलं असतं तर ती विनंती झाली असती, आणि ह्या माणसाकडे मी विनंती करणार नाही. कुणाकडेच.

आधी मु.अ. ना बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर. माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेले ते तिकडेच. मग आप्पा. जाताना काठी इथे बाकाला टेकवून ठेवली, कुणाचा हात न धरता, सावकाश, ताठ चालत गेले.

अर्धा तास होत आला. आधी सचिवांचा आवाज. आता आप्पांचा. शब्द कळत नाहीत. मोठ्याने बोलतायत, पण रागाने की कसं, ते ह्या दारातून

शिपाई आला. बाई, तुम्हाला बोलावलंय.

आप्पा बाहेर आले नाहीत. माझं होईपर्यंत आतच बसणार म्हणे. येताना माझी काठी घेऊन या, असा निरोप.