नरखेडच्या विहिरीबाबत

मी, विश्वनाथ गोपाळराव रेवतकर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार नंदनवन, नागपूर, कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवतो. माझे चित्त ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. डोक्यात गोंधळ आहे, पण त्याची तपासणी होत नाही म्हणे.

१. नंदनवनचे घर व बँकेतील ठेवी पत्नी भागीरथाला. तिच्या हयातीत मुलांनी त्यावर डोळा ठेवू नये.

२. माझा युरोपचा नकाशा सहशिक्षक दत्तोपंतांनी नेला, तो परत आणलाच नाही. आता त्यांच्याकडेच राहू द्यावा. माफ केले असे मात्र त्यांनी समजू नये.

३. नरखेडची संत्र्याची बाग. इथेच माझे अडते.

सोळाव्या शतकात स्पेनच्या राजाखाली असलेले युरोपातले सतरा प्रांत मी जन्मभर शिकवले. राजाचे सैन्य हाकलायला ते एक झाले. आपसातल्या धर्माच्या भांडणाचे मागाहून पाहू म्हणाले. मागाहून काय, फाटलेच. दक्षिणेकडचे राजाकडे परतले, उत्तरेने वेगळी चूल मांडली आणि नदीचे मुख अडवून दक्षिणेच्या अँटवर्प बंदराचा व्यापार बुडवला. चूक कोणाची, हे मी फळ्यावर ठणकावून सांगत असे. आता सांगता येत नाही.

माझे मुलगे जितेंद्र आणि अमोल तसेच. शेजाऱ्याने बागेचा धुरा, म्हणजे बांध, कोरला तेव्हा दोघे एक झाले. धुरा सोडवून घेतला, आणि जितेंद्रला बागेत त्याच्या महाराजांचा सत्संग हवा, अमोलला पक्षाचे कार्यालय. दिवाळीलाही एका पंगतीत बसत नाहीत. एकमत एकाच गोष्टीवर: बहीण वैभवीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केले, तिने या घरात पाय ठेवायचा नाही.

बाग दोघांना निम्मी निम्मी. पण विहीर एकच. ज्याच्या वाट्यात जाईल तो दुसऱ्याची झाडे वाळवेल. लेकरं माझीच, मला ठाऊक आहेत. सामायिक ठेवावी तर डोकी फुटतील. म्हणून विहीर, मोटर आणि मोटरची खोली वैभवीला. भागीरथा म्हणते, तुमचं डोकं फिरलं जी. फिरलेही असेल.

हा न्याय की सूड, मला कळेना. म्हणून खाप्याला वैभवीच्या घरी जाऊन विचारले. तिने चहा टाकला. मग म्हणाली, "बाबा, पानी मी कोणाचंच नाही तोडणार. पन पान्याच्या दर पाळीले मोटरच्या खोलीची चावी न्यायले दोघा भावायले माह्या घरी यावं लागन. अन् चहा पेल्याशिवाय चावी नाही भेटणार."

अशी अट मृत्युपत्रात बसते की नाही, हे वकिलांनाही सांगता आले नाही. मी ती घातली आहे.

सही: वि. गो. रेवतकर
साक्षीदार: १. गिरिधर बोढाळे, नंदनवन  २. मिनल कळंबे, नंदनवन
नागपूर, ९ डिसेंबर २०२४