करमाळ्याची डाइक आमच्या किचनमध्ये

६ मार्च
प्रोजेक्ट ठरला. करमाळ्याच्या माळावरच्या डाइकचा नकाशा. डाइक म्हणजे खडकात उभी घुसलेली काळ्या दगडाची भिंत, लांबच लांब जाते. महेश्वर सरांची सही मिळाली तर एम.एस्सी., नाही तर वर्ष गेलं. पण आपण डिजिटल माणूस! वही-पेन्सिल बंद, सगळं ॲपवर. वर्गातली कीर्ती कागदावर नकाशा काढणार म्हणे. कीव आली.

११ मार्च, करमाळा
ऊन लई. बॅटरी भराभर उतरायला लागली म्हणून जीपीएस बंद केलं. ॲपनं काहीतरी विचारलं, न वाचता ओके दाबलं. एक्स्पर्ट लोक वाचत बसत नाहीत. दिवसभर डाइकवर पॉइंट मारले. शेतमालक सिद्राममामा म्हणाले, जरा फोनातनं मान वर करा की, हिरीत पडाल. हसून सोडून दिलं. सॅम्पल घेतलं नाही. दगड वाहायला मी काय गाढव आहे?

१५ मार्च
घरी लॅपटॉपवर नकाशा उघडला. डाइक जुळे सोलापुरात! सगळे पॉइंट एकावर एक, आमच्याच फ्लॅटवर. बहुतेक किचनमध्ये. जीपीएस बंद, म्हणून ॲपनं प्रत्येक दगडाला शेवटचं माहीत असलेलं लोकेशन चिकटवलं, म्हणजे घरचं. ओके मीच दाबलेलं. आईनं विचारलं, आता ओटा फोडणार का? किरकोळ टेक्निकल प्रॉब्लेम आहे, असं सांगितलं.

१७ मार्च
सर म्हणाले, घरात बसून आकडे टाकलेस. आईशप्पथ घेतली. फोटो दाखवले. सगळे सेल्फी, मीच एवढा मोठा की मागचा दगड दिसेना. खरंच गेलो होतो हो! कुणाला पटवू? शेवटी सर म्हणाले, मी येतो, जागेवर दाखव, लगेच सही करतो. हॅ! डोळे मिटून दाखवीन.

२० मार्च, करमाळा, भर दुपारी
फोन फुल चार्ज. जीपीएस चालू. रेंजही आहे. पण माळभर सगळीकडे काळेच दगड. यातली माझी डाइक कुठली? स्क्रीनवर बघितली होती, खाली बघितलीच नव्हती. सरांना फिरवून फिरवून तीनदा त्याच बाभळीपाशी आणलं. दगडांच्या एका रांगेवर मटकन बसलो आणि सांगून टाकलं, सर, सापडत नाही.
सर म्हणाले, ऊठ, तू तिच्यावरच बसलायस.
सही पुढच्या वर्षी.