पायवाटेचं उद्घाटन

१ जानेवारी, पहाटे ५.३०
गिअरची सायकल आली. तरुणांनो, डोंगर चढा, असं वीस वर्षं व्यासपीठावरून सांगतोय. आता कृती. लेक राजनंदिनी, आमची नंदू, घरी आहे. अठराच्या संध्याकाळी बंगळूरला निघेल, नवी नोकरी. म्हणाली, पप्पा, जाण्याआधी एकदा आपण दोघंच सायकलवर डोंगरात जाऊ. मी म्हटलं, एकदा का? दहादा!

३ जानेवारी
चांदबीबी महालाच्या मागे, डोंगराची धार ओलांडून कापूरवाडीच्या तलावाकडे उतरणारी एक अज्ञात वाट शोधून काढली. बहुधा मीच पहिला. वरून बन्सी नावाचा माणूस शेळ्या घेऊन उतरत होता. त्यालाही ही वाट नुकतीच सापडली असावी.

६ जानेवारी
दोन्ही चाकांत बाभळीचे काटे. सायकल खांद्यावर घेऊन घरी. नंदू विचारते, कधी जायचं? वाटेचा अभ्यास पुरा झाल्याशिवाय नवख्या माणसाला नेणं बेजबाबदारपणाचं, असं समजावलं. ती म्हणाली, मी पुण्यात दर रविवारी सायकलवर सिंहगड चढते. म्हटलं, तो डांबरी रस्ता. डोंगर वेगळा.

९ जानेवारी
उतारावर सायकल आणि मी वेगवेगळ्या दिशांनी गेलो. याला पडणं म्हणत नाहीत. बन्सीनं उचलून घोंगडीवर बसवलं आणि सल्ला दिला, "सर, गाडी हातात धरून चाला की. म्होरं लई घसरतंय." त्याला गिर्यारोहणाचा इतिहास सांगितला. अर्धा तास जागचा हलला नाही. घोंगडी माझ्या अंगाखाली होती हे खरं, पण डोळ्यांत जिज्ञासा होती.
तिथून पुढे अजून गेलेलो नाही. पण अंदाज आला आहे.

१२ जानेवारी
अंघोळ करताना सुचलं. ज्या वाटेचं उद्घाटन होत नाही ती शेवटपर्यंत शेळ्यांचीच राहते! अठराला सकाळी साडेसहा. फीत, नारळ, मंडप, माईक. हस्ते काकासाहेब, आमच्या पतसंस्थेचे चेअरमन. पन्नास सायकलस्वारांना निरोप. फ्लेक्स छापायला दिला, त्यावर नंदूचाही फोटो.
नंदू फ्लेक्सचा नमुना बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, आपण दोघंच जाणार होतो ना?"
सांगितलं, पुढे आपण दोघंच असणार, बाकीचे मागे. नमुना उलटा ठेवून आत गेली. भारावली असावी.

१५ जानेवारी
नंदूनं सुचवलं, उद्या सकाळी कुणाला न सांगता जाऊन येऊ. नाही म्हटलं. फीत कापण्याआधी आयोजकच वर जाऊन आला तर पाहुण्यांचा मान काय राहिला? यावर आरती स्वयंपाकघरातून जे बोलली ते इथे लिहीत नाही. नवऱ्याच्या सार्वजनिक जीवनाबद्दल तिला कधीच आस्था नव्हती.

१७ जानेवारी
झोप नाही. भाषण तिसऱ्यांदा लिहिलं. गॅलरीत येरझारा. खालचा कुत्रा भुंकू लागला तेव्हा कळलं की सराव मोठ्यानं चालू होता.

१८ जानेवारी, दुपारी
सायकलस्वार पन्नास यायचे होते, नऊ आले. दर्जेदार. काकासाहेबांचा पत्ता नाही. सात वाजले, आठ वाजले. प्रास्ताविकावर सभा धरून ठेवली. नंदू हेल्मेट घालून फितीपाशी उभी.
पलीकडून बन्सी शेळ्या घेऊन आला. विचारलं, "सर, आमी जायाचं कुठून?"
पाच मिनिटं थांबायला सांगितलं. तो म्हणाला, मी थांबन हो, पण ह्यांला कोन सांगनार. तोवर शेळ्या फितीखालून इकडे आल्यासुद्धा. नंदू खाली वाकली आणि सायकल घेऊन फितीखालून तिकडे गेली. तिच्यामागे ते नऊही. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे थांबावं, अशी माईकवरून विनंती केली. तिनं नुसता हात वर केला.
काकासाहेब नऊला आले. फीत कापली, गुडघा दुखतो म्हणाले, चहा घेऊन गेले. पण मुख्य भाषण राहिलं होतं, ते केलं. श्रोते चार. खुर्च्या उचलायला आलेले मंडपवाले. मध्येच वर पाहिलं तर धारेवर एक सायकल आडवी ठेवलेली, शेजारी नंदू बसलेली. समारोपाला पाहिलं तेव्हा कुणी नव्हतं.

१८ जानेवारी, संध्याकाळी
बंगळूरची बस हलली. नंदू दुपारी तलावाच्या बाजूनं घरी आली होती, केसांत कुसळं, चेहरा लाल. वरती कसं आहे, विचारलं.
"छान आहे. खूप वेळ बसले होते. तुमचा आवाज ऐकू येत होता. म्हटलं, संपलं की याल."
वरपर्यंत आवाज पोचला! माईक तर प्रास्ताविकातच बंद पडला होता.
हे तिला सांगायला हवं होतं. बसला गर्दी होती.

१९ जानेवारी, सकाळी
सायकल हातात धरून वर गेलो. अवघड काहीच नाही. पाऊण तास.
धारेवर एक सपाट दगड आहे. दोघं आरामात बसतील. खाली आपला मंडप उभा होता ती जागा स्वच्छ दिसते. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून लगेच उतरलो.